पोलीस बॅचचं स्नेहसंमेलन कसं घ्यायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

ट्रेनिंगला महिनोन्महिने एका बराकीत राहिलेली पोरं पुढची तीस-पस्तीस वर्षं एकमेकांना भेटतात ती फक्त बंदोबस्तात, पॉइंटवर उभ्याउभ्या दोन मिनिटं, आणि रिटायर झाल्यावर तर तेही बंद होतं. म्हणून बॅचचं संमेलन पाहिजेच, आणि ते वर्षातून एकदा तरी पाहिजे. बरेच जण विचारतात की आमच्या बॅचचं घ्यायचंय पण कुठून सुरू करू, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. माझ्या डोळ्यासमोर शिपाई भरतीची बॅच आहे, म्हणजे नानवीज, खंडाळा, तुरची, जालना, अकोला, बाभळगाव, मरोळ असल्या सेंटरांवर ट्रेनिंग झालेली, पण नाशिकच्या अकादमीतून निघालेल्या पीएसआय बॅचला किंवा एसआरपीच्या (राज्य राखीव पोलीस दलाच्या) ग्रुपलाही यातलं बहुतेक सगळं चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ज्याला यायला जमतं, ज्याची गाडी आहे, ज्याचं सगळं बरं चाललंय तो येतोच, त्याच्यासाठी काही विशेष करावं लागत नाही. संमेलन करायचं ते ज्याचं नाव यादीतून गळायला आलंय त्याच्यासाठी. जो वारला त्याची बायको, ज्याला पॅरालिसिस झाला तो, जो सस्पेंड होऊन घरी बसलाय तो, बॅचमेट इन्स्पेक्टर झाले आणि आपण हवालदारच राहिलो म्हणून तोंड चुकवणारा तो. हे लोक आले तर संमेलन झालं म्हणायचं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

कायद्यात काय बसतं

बॅचमध्ये अजून कोणी नोकरीत असेल तर हे वाचून घ्याच. पोलिसांसाठी १९६६ चा एक केंद्राचा कायदा आहे, पोलीस दलांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा, आणि त्यात सरकारी परवानगीशिवाय कामगार संघटनेसारख्या संघटनेत जाता येत नाही, मागण्यांसाठीच्या सभेत भाग घेता येत नाही. पण निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक स्वरूपाच्या संस्थेत राहायला त्याच कायद्यात मोकळीक आहे, म्हणजे स्नेहसंमेलन, जेवण, सत्कार, खेळ, मदत हे सगळं बिनधास्त करा. फक्त बॅनरवर मागण्या नकोत, स्टेजवरून पगार-ड्युटीचे ठराव नकोत, पत्रकारांना बोलावून सर्व्हिसमधल्या माणसाच्या हातात माईक देणं नको. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचं आंदोलन चिघळलं, पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली आणि कित्येकांच्या नोकऱ्यांवर आलं, ते ज्यांनी पाहिलंय ते अजून याबद्दल जपून बोलतात. रिटायर लोकांना मागण्या मांडायच्या असतील तर जरूर मांडाव्यात, तो त्यांचा हक्क आहे, पण त्यासाठी पेन्शनरांची वेगळी संघटना, वेगळी बैठक, वेगळा दिवस ठेवा. दोन्ही एकत्र केलं की सर्व्हिसवाले यायचे बंद होतात, मी हे बऱ्याच ठिकाणी होताना पाहिलंय.

हुद्दा न बघता पोलिसांनी एकत्र यायचं ही कल्पना काही आपलीच नाही. इंग्लंडमध्ये आर्थर ट्रूप नावाच्या एका सार्जंटने १ जानेवारी १९५० ला इंटरनॅशनल पोलीस असोसिएशन सुरू केली, मैत्रीतून सेवा हे तिचं ब्रीद, सर्व्हिसमधले आणि रिटायर दोघंही सभासद होतात आणि हुद्द्याचा काही संबंध ठेवत नाहीत. एका सार्जंटने सुरू केलेली गोष्ट इतक्या देशांत पोचली, तर आपल्याला एका जिल्ह्याची बॅच जमवायला काय हरकत आहे.

यादी

खरं काम हेच आहे आणि याला वेळ लागतो, दोन-तीन महिने धरून चाला. बक्कल नंबरवरून, म्हणजे शिपायाच्या नोकरीतल्या नंबरावरून, शोधायला जाल तर अडकाल कारण जिल्हा बदलला की नंबर बदलतो, एसआरपीतून जिल्ह्यात आलेल्याचा तर सगळाच बदललेला असतो. त्यापेक्षा ट्रेनिंगचा स्क्वॉड, म्हणजे ट्रेनिंगमधली तुकडी, धरा. स्क्वॉडचा ग्रुप फोटो कोणाकडे ना कोणाकडे असतोच, तो मोबाईलवर फिरवा आणि प्रत्येकाला विचारा की तुझ्या डाव्या-उजव्या बाजूला उभा आहे तो आज कुठं आहे. माणूस शेजारच्या खाटेवरच्याला विसरत नाही, आडनाव विसरेल पण गाव सांगेल, आणि गाव कळलं की पोलीस पाटलाला एक फोन केला की झालं. मुख्यालयातले कारकून, जिल्ह्याच्या पोलीस सोसायटीतले जुने लोक यांनाही विचारा, पण ऑफिसच्या रेकॉर्डमधून पत्ते-नंबर काढून ग्रुपवर टाकायला लावू नका, उगाच त्या बिचाऱ्याची चौकशी लागते.

यादीत प्रत्येकापुढं लिहायचं काय तर नाव, गाव, फोन, घरच्या माणसाचा दुसरा फोन, तब्येतीचं काही असेल तर ते, आणि वारलेला असेल तर वहिनींचं नाव आणि मुलाचा किंवा मुलीचा नंबर. वारलेल्याच्या नावावर काट मारू नका. ते नाव यादीत राहू द्या, पुढं वहिनींचा नंबर लिहा आणि निमंत्रण त्यांना जाऊ द्या.

बडतर्फ झालेल्याला बोलवायचं की नाही यावर प्रत्येक बॅचमध्ये वाद होतो. माझं स्पष्ट म्हणणं आहे की बोलवा. त्याचा निकाल खात्याने लावलाय, कोर्टाने लावलाय, तो परत बॅचने लावायची गरज नाही. सत्काराच्या रांगेत घेऊ नका हवं तर, पण पंगतीत शेजारी बसवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढाल तेव्हा तीन-चार ॲडमिन ठेवा आणि पहिल्याच दिवशी सांगून टाका की राजकारण, जात-धर्म आणि फॉरवर्ड केलेल्या बातम्या इथं नाहीत. सर्व्हिसमधल्या माणसाला एका फॉरवर्डवरून नोटीस येऊ शकते. आणि फक्त ग्रुपवर मेसेज टाकला म्हणजे निमंत्रण झालं असं धरू नका, प्रत्येकाला फोन गेलाच पाहिजे, आणि जे ग्रुपवर कधीच बोलत नाहीत त्यांना दोनदा.

तारीख आणि जागा

तारीख ठरवताना आपल्या लोकांचं कॅलेंडर वेगळं असतं हे बाहेरच्याला कळत नाही. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या आधीची गर्दी, आषाढीला पंढरपूर, ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला कोरेगाव भीमा, डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, ३१ डिसेंबरची रात्र, शिवाय ईद-मोहरम, आणि निवडणूक लागली तर काहीच खरं नाही. २ ते ८ जानेवारी रेझिंग डेचा आठवडा असतो, २ जानेवारी १९६१ ला नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला त्याची आठवण म्हणून, तेव्हा ठाण्यांत शाळेची पोरं येतात, कार्यक्रम असतात, सर्व्हिसवाले सुटत नाहीत. मग उरतं काय तर संक्रांतीनंतरचा एखादा रविवार किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा. मे महिना मुलांच्या सुट्टीमुळे सोयीचा वाटतो पण लग्नं, बदल्या आणि ऊन, साठीच्या पुढच्या माणसाला विदर्भ-मराठवाड्यात मे मध्ये बोलावूच नका. तारीख तीन महिने आधी सांगा म्हणजे सर्व्हिसवाल्याला रजेचा अर्ज टाकता येतो, आणि शेवटच्या क्षणी रजा नाकारली गेली तर त्याला ग्रुपवर टोमणे मारू नका.

जागेसाठी पहिली पसंती ट्रेनिंग सेंटरच. तिथलं ग्राउंड, बराक, मेस बघितली की माणसं आपोआप बोलायला लागतात, सूत्रसंचालकाची गरज राहत नाही. प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या, किती लोक, किती वेळ, जेवण बाहेरून आणणार का, स्पीकर लागणार का हे सगळं त्यात लिहा, आणि तिथं चालू बॅचचं ट्रेनिंग सुरू असतं हे लक्षात ठेवा, रविवार घेतला तर अडचण कमी. सेंटर मिळालं नाही तर पोलीस मुख्यालयाचा हॉल किंवा सरळ मंगल कार्यालय. स्टँडपासून जवळ, तळमजल्यावर हॉल, आणि कमोड असलेलं टॉयलेट, या तीन गोष्टी बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका, निम्म्या लोकांचे गुडघे गेलेले असतात. स्पीकर लावणार असाल तर परवानगी काढा, आपलेच लोक आहेत म्हणून सोडून देऊ नका.

पैसे

वर्गणी फक्त बॅचमधून. हॉटेलवाला, बिल्डर, वाळूवाला, कोणी पुढारी, कोणाकडूनही एक रुपया किंवा एक पाण्याची बाटली घेऊ नका. सर्व्हिसमधल्या माणसाने असली वर्गणी गोळा करणं सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही बसत नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या दिवशी प्रायोजकाचा फ्लेक्स लागतो त्या दिवसापासून ते संमेलन बॅचचं राहत नाही. वर्गणी सगळ्यांना सारखी ठेवा, पीआय झालेल्याने जास्त दिली तर घ्या पण जाहीर करू नका. ज्याला परवडत नाही त्याला विचारूसुद्धा नका, खजिनदाराने गुपचूप भागवून घ्यायचं. वहिनींकडून वर्गणी घ्यायची नाही, त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च बॅचने करायचा, आणि जवळच्या गावच्या बॅचमेटने स्वतः जाऊन त्यांना घेऊन यायचं. ‘या हं वहिनी’ असं फोनवर म्हटल्याने कोणी येत नाही.

त्या दिवशी

सकाळी चहा-नाश्ता झाला की पहिला कार्यक्रम हजेरीचा. स्क्वॉडप्रमाणे फॉल इन करा, म्हणजे रांगेत उभे राहा, ज्याला उभं राहवत नाही त्याला खुर्ची, आणि ट्रेनिंगचे चेस्ट नंबर आठवत असतील तर त्याच नंबराने पुकारा. फक्त नाव, पुढं हुद्दा नाही, साहेब नाही. बॅचमधला कोणी डीवायएसपी होऊन रिटायर झाला असेल तरी तो त्याच्या जुन्या जागेवरच उभा राहणार, आणि खरं सांगतो, त्यालाही तेच हवं असतं. वारलेल्यांची नावं हजेरीतच घ्या, वेगळी यादी करून शेवटी उरकू नका, नाव पुकारलं की सगळ्यांनी सावधान व्हायचं, आणि हजेरी संपली की दोन मिनिटं मौन. वर्दी कोणी घालायची नाही, रिटायर माणसाला तर ती घालताच येत नाही, आणि सर्व्हिसवाल्याने वर्दीत नाचतानाचा रील कुठं गेला तर त्याला महागात पडतं. पांढरा शर्ट आणि सगळ्यांना सारखी टोपी एवढं पुरतं.

नंतर उस्तादांचा, म्हणजे ट्रेनिंगला शिकवणाऱ्यांचा, सत्कार. ड्रिलचे, पीटीचे उस्ताद हयात असतील तर त्यांना आणायचंच, ते आता ऐंशीच्या आसपास असतील, गाडी पाठवा आणि सोबत त्यांच्या घरचं कोणीतरी येऊ द्या. पाहुणा म्हणून मोठा अधिकारी बोलवायचा मोह होतो, तो टाळा, कारण मग सगळा दिवस त्यांच्या वेळेवर फिरतो आणि माणसं आपापसांत बोलायची राहून जातात. उस्तादच मुख्य पाहुणे.

वहिनींबद्दल जरा सविस्तर लिहितो. बऱ्याच संमेलनांत बायकांसाठी हळदीकुंकू ठेवतात आणि मग वारलेल्या मित्राची बायको कोपऱ्यात बसून राहते, आपणच तिला बोलावून आणलेलं असतं आणि आपणच तिला बाजूला बसवतो. असं होऊ द्यायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं, मग आपण तर कायदा सांभाळणारे लोक. हळदीकुंकू ठेवायचं असेल तर सगळ्यांना लावा, आणि सुरुवात त्यांच्यापासून करा. ते जमणार नसेल तर ठेवूच नका, त्याऐवजी सगळ्यांना एक झाड किंवा डबा द्या. स्टेजवर बोलावून ‘यांचे पती आज आपल्यात नाहीत’ म्हणत साडी देण्याचा कार्यक्रमही मला पटत नाही. त्यापेक्षा मित्राच्या आठवणी सांगा, तो बंदोबस्तात कसा होता, मेसमध्ये काय करायचा, त्याच्या मुलांनी हे कधी ऐकलेलं नसतं.

बॅचमधल्या महिला पोलिसांना वहिनींमध्ये बसवू नका, त्या बॅचमेट आहेत, हजेरीत त्यांच्या स्क्वॉडमध्ये उभ्या राहतील आणि त्यांचे नवरे पाहुणे असतील. सांगायची गरज पडू नये पण पडते.

भाषणं कमी. एकेकाने उठून आपलं चरित्र सांगायला घेतलं की दुपार जाते. प्रत्येकाला फार तर दोन मिनिटं, आणि माईक घेणारा खमका माणूस ठेवा.

पेन्शनचं टेबल

हे नक्की ठेवा. हॉलच्या एका कोपऱ्यात टेबल, दोन-तीन खुर्च्या, आणि ज्याने एस्टॅब्लिशमेंटला (आस्थापना शाखेत) काम केलंय असा किंवा कोषागारातून रिटायर झालेला एखादा ओळखीचा माणूस बसवा. निमंत्रणातच सांगा की येताना पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, बँक पासबुक आणा.

बघायचं काय, तर सगळ्यात आधी पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का. पीपीओवर सुमन आणि आधारवर सुमनबाई, एवढ्यावरून माणूस गेल्यानंतर फॅमिली पेन्शन अडकते आणि त्या बाईला ऑफिसच्या चकरा माराव्या लागतात. माणूस जिवंत असताना हे दुरुस्त करणं सोपं आहे, नंतर अवघड. दुसरं, रिटायर होताना एकरकमी पैसे घेऊन पेन्शनचा काही भाग विकलेला असतो, त्याला १५ वर्षं झाली की पूर्ण पेन्शन परत सुरू व्हायला पाहिजे, ती झाली का हे बऱ्याच जणांनी बघितलेलंच नसतं. ८० वर्षं पूर्ण झाली की पेन्शन वाढते, त्यासाठी जन्मतारखेची नोंद बरोबर पाहिजे, उस्तादांचं हे त्याच दिवशी बघून घ्या. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, तो आता जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीवरून मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, संमेलनात चार तरुण पोरांना हे शिकवून ठेवा म्हणजे नोव्हेंबरात ती आपापल्या गावातल्या काकांचं करून देतील. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यातल्या बहुतेकांना एनपीएस (पगारातून कपात होऊन साठणारी पेन्शन), त्यांनी आपल्या खात्यावर नॉमिनी कोण आहे आणि कपात नीट जमा होतेय का हे तपासायचं.

शेजारीच बीपी-शुगर तपासायची सोय करा. ड्युटीच्या वेळा, जागरण, उभं राहून खाल्लेलं जेवण, याचा हिशोब पन्नाशीनंतर निघतो. कोणाचं बीपी फार वाढलेलं दिसलं तर त्याच्या मुलाला तिथूनच फोन लावा, त्याला सांगून उपयोग नाही.

जेवण

त्याला बडा खानाच म्हणा, म्हणजे दलात सगळे हुद्दे एकत्र बसून जेवतात ते जेवण, आणि तसाच करा, सगळे एका पंगतीत, एकच जेवण, वाढायला बॅचमधलेच आणि शक्यतो ज्यांचा हुद्दा मोठा ते वाढतील. मटण ठेवत असाल तर शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या हाताने, वार आणि उपवास बघूनच ठरवा. भाकरी ठेवा, गोड एकच ठेवा. दारू नको. यावर नाराज होणारे होतात, होऊ द्या, वहिनी आणि मुली ज्या संमेलनात मोकळ्या बसू शकत नाहीत तिथं पुढच्या वर्षी त्या येत नाहीत.

वर्षभर

एक दिवसाच्या जेवणावर बॅच टिकत नाही. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो, १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा जवान शहीद झाले तो दिवस, सकाळी मुख्यालयात मानवंदना असते आणि देशभरात वर्षात शहीद झालेल्यांची नावं वाचली जातात. त्या दिवशी आपापल्या जिल्ह्यात बॅचच्या लोकांनी एकत्र जा, वेळेच्या आधी पोचा, मागे उभे राहा.

कोणी आजारी पडला तर पहिल्या दोन दिवसांत दोघांनी जाऊन यायचं, सगळ्यांनी एकदम हॉस्पिटलात गर्दी करायची नाही. कोणी गेला तर तेराव्यानंतर खरी गरज लागते. सर्व्हिसमध्ये असताना गेला असेल तर ग्रॅच्युइटी, गटविमा, शिल्लक रजेचे पैसे, फॅमिली पेन्शन आणि मुलाचा अनुकंपाचा अर्ज, हे पाच कागद कोणीतरी एकाने अंगावर घ्यायचे आणि पूर्ण होईपर्यंत वहिनींसोबत ऑफिसला जायचं. अनुकंपाला मुदत असते, दुःखात ती निघून जाते आणि मग पोराचं आयुष्य अडकतं. क्वार्टर सोडायची तारीखही विचारून घ्या. मदतीचे पैसे गोळा केले तर थेट वहिनींच्या खात्यावर पाठवायला सांगा, मध्ये कोणाचं खातं नको.

नोंदणी करायची का

लगेच नको. दोन-तीन संमेलनं होऊ द्या, माणसं टिकतात का बघा. कायमचा निधी ठेवायचा, बँकेत संस्थेच्या नावाने खातं काढायचं असं ठरलं तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात जण लागतात आणि आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. मग दरवर्षी हिशोब, ऑडिट, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, हे सगळं मागे लागतं, ते करणारा माणूस असेल तरच त्यात पडा. सर्व्हिसमधल्यांना पदाधिकारी करू नका. लेटरहेडवर राजमुद्रा किंवा खात्याचं बोधचिन्ह छापू नका, आपण खातं नाही, आपण बॅच आहोत.

संमेलन झाल्यावर आठ दिवसांत हिशोब पैशापैशाने ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोसकट. उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या खजिनदाराकडे त्याच दिवशी. दरवर्षी आयोजक दुसऱ्या तालुक्याचे करा, तेच तेच लोक राहिले की बाकीचे पाहुण्यासारखे यायला लागतात. आणि जे आले नाहीत त्यांच्या नावांसमोर का आले नाहीत ते लिहून यादी नव्या आयोजकांकडे द्या, त्यांनी पहिले फोन त्या लोकांना करायचे.